चुलीवरचे पातेले आणि अंगणातला हंडा

पेयांचा इतिहास सांगताना धान्याची, पाण्याची आणि चवीची चर्चा पुष्कळ होते. ज्या भांड्यात ते पेय शिजते त्याची मात्र क्वचितच होते. वस्तुतः जवापासून होणाऱ्या बीअरच्या बाबतीत भांड्याचा आकार ही गोष्ट क्षुल्लक नाही. हे पेय घरात करावयाचे की कारखान्यात, ते बायकांनी करावयाचे की पुरुषांनी, घरच्यापुरते करावयाचे की विक्रीसाठी, ह्या प्रश्नांचा निकाल गेल्या सहा-सातशे वर्षांत बऱ्याच अंशी भांड्याने लावलेला आहे. भांडे वाढले तेव्हा ही विद्या घराबाहेर पडली. ते लहान झाले तेव्हा ती पुन्हा स्वयंपाकघरात आली. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील हौशी मंडळींनी चुलीवरचे पातेले उतरवून अंगणात मोठा हंडा चढविला, तेव्हा घर आणि कारखाना ह्यांमधील अंतर पुन्हा एकवार कमी झाले. ह्या तीन टप्प्यांची हकिकत मनोरंजक तर आहेच, पण साधने कोणाच्या हाती असतात त्यावर कला कोणाची ठरते, हेही तीवरून ध्यानात येते.

प्रथम ह्या पेयाची कृती थोडक्यात समजून घ्यावयास हवी. जव भिजवून त्यास मोड आणतात व ते वाळवून भाजतात. ह्यालाच माल्ट म्हणतात. माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे त्यातील पिठूळ अंशाची साखर बनते व गाळून घेतल्यावर गोड रस हाती येतो. हा रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर तास-दीड तास उकळावयाचा, थंड करावयाचा, आणि त्यात यीस्टचे विरजण घालून आंबवावयाचा. एवढ्या साऱ्या कृतीत भांड्याची, जळणाची आणि मनुष्यबळाची खरी परीक्षा उकळण्याच्या वेळी होते. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या ज्या दक्षतेने रसावर नजर ठेवतो, तीच दक्षता येथेही लागते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ही उकळी एवढी महत्त्वाची नव्हती. त्या काळी तेथे हॉप माहीत नव्हते असे म्हटले तरी चालेल. हॉपवाचून केलेल्या पेयास 'एल' म्हणत. ते फार वेळ उकळावे लागत नसे, आणि म्हणून स्वयंपाकघरातील नित्याच्या भांड्यांत ते होत असे. मात्र ते थोड्याच दिवसांत आंबट होई. तेव्हा एका घरी केलेले एल शेजारीपाजारी विकून टाकावयाचे, व पुढच्या खेपेस शेजारणीने करावे, अशी रीत पडली. हे काम मुख्यतः बायकांचे होते. इंग्लंडच्या गावोगावच्या न्यायालयांतील दप्तरांचा अभ्यास करून ज्युडिथ बेनेट ह्या इतिहासकार विदुषीने १९९६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे विस्ताराने दाखविले आहे. इ. स. १३०० च्या सुमारास एल करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा होता. १६०० च्या सुमारास हा धंदा बहुतांशी पुरुषांच्या हाती गेलेला होता. विधवा, अविवाहिता व गरीब गृहिणी ह्यांना चार पैसे मिळवून देणारे एक साधन अशा रीतीने हळूहळू त्यांच्या हातून निसटले.

ह्या स्थित्यंतराला कारणे अनेक होती. धंद्यातील संघटना, कायदे, भांडवलाची उपलब्धता ही सारी त्यांत येतात. परंतु हॉप आणि त्यांसाठी लागणारी दीर्घ उकळी हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय. हॉपचे पेय युरोप खंडातून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये येऊ लागले, आणि सोळाव्या शतकात केंट परगण्यात हॉपची लागवड सुरू झाली. हॉपच्या फुलांतील राळेसारखा अंश रसात दीर्घकाळ उकळला म्हणजे त्याचे रूपांतर होऊन कडवटपणा उतरतो, आणि तोच पेयाला टिकाऊपणाही देतो. रेजिनाल्ड स्कॉट ह्याने १५७४ साली हॉपच्या लागवडीवर इंग्रजीतील पहिले पुस्तक लिहिले. त्यात त्याने असा हिशेब मांडला की, एक बुशेल माल्टपासून एल निघते आठ-नऊ गॅलन, तर हॉपची बीअर निघते अठरा-वीस गॅलन. दुप्पट माल आणि तोही टिकाऊ! तथापि हा लाभ घ्यावयाचा तर तांब्याचा मोठा हंडा, त्याखाली भट्टी, आणि भरपूर जळण हवे. ज्याच्यापाशी ही सामग्री होती त्याची भरभराट झाली. जिच्यापाशी केवळ घरची भांडी होती ती मागे पडली.

तथापि मोठ्या भांड्याने घरगुती बीअर एकदम नाहीशी केली असे नाही. ज्या घरांना मोठे भांडे परवडत होते त्या घरांतून ती पुढेही दोन-अडीचशे वर्षे होत राहिली. इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांतून बीअरसाठी स्वतंत्र खोली बांधलेली असे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच्या १७५७ सालच्या टिपणवहीत सौम्य बीअरची कृती लिहिलेली आहे. तीत कोंडा आणि हॉप उकळून तीस गॅलन पाणी गाळावयाचे व त्यात तीन गॅलन काकवी मिसळावयाची असे सांगितले आहे. माल्टऐवजी तयार गोड पाक वापरण्याची ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली. थॉमस जेफर्सन ह्याच्या मोंटिसेलो येथील घरी १८१३ पासून बीअर करण्याचे शिक्षण पीटर हेमिंग्ज ह्या गुलामाने घेतले आणि पुढे तेथील बीअर त्याच्याच हातची होती. मोठ्या हंड्यापाशी उभा राहणारा माणूस आणि त्या हंड्याचा मालक हे नेहमी एकच असत असे नाही, हे ह्यावरून दिसते.

हीच गोष्ट विल्यम कॉबेट ह्या इंग्रज लेखकाला खुपत होती. १८२१-२२ मध्ये त्याने मजुरांच्या संसारासाठी 'कॉटेज इकॉनॉमी' हे पुस्तक भागशः प्रसिद्ध केले व त्याचा आरंभच बीअरच्या प्रकरणाने केला. माल्टवरच्या करामुळे गरिबाच्या घरची बीअर नष्ट झाली आणि तिच्या जागी चहा आला, ह्याबद्दल त्याला मनस्वी संताप होता. चहाने माणूस दुबळा होतो असे त्याचे ठाम मत असे. त्याचे हे मत आपल्या घरी कोणी मान्य करील असे वाटत नाही. परंतु भांड्यांबद्दल त्याने जे लिहिले ते अगदी व्यवहारी आहे. छत्तीस गॅलन बीअर करावयाची तर हंडा निदान चाळीस गॅलनांचा हवा, कारण हॉपना जागा लागते आणि काही पाणी वाफेने उडून जाते, असा त्याचा नियम आहे. ह्या नियमाची आठवण पुढे ठेवावयाची आहे, कारण दीडशे वर्षांनी अमेरिकेतील हौशी लोकांना तो स्वतःच्या अनुभवाने पुन्हा शिकावा लागला.

कॉबेटच्या तक्रारीने काळाचा ओघ फिरला नाही. त्याच्या हयातीतच लंडनचे कारखाने इतके अवाढव्य झाले होते की, १७ ऑक्टोबर १८१४ रोजी तेथील म्यू कंपनीच्या कारखान्यातील एक प्रचंड पिंप फुटले व बीअरच्या लोंढ्यात आठ माणसे मृत्युमुखी पडली. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो बीअरवर बसविला. त्याबरोबर घरी बीअर करणाऱ्यासही परवाना काढणे भाग पडले. धान्याची बीअर घरी करणे ही इंग्लंडमध्ये आता अपवादाची गोष्ट झाली.

ह्यानंतर भांडे पुन्हा लहान झाले, आणि ते एका डब्यामुळे. निर्वात कढईत रस कमी उष्णतेवर आटविण्याची युक्ती एडवर्ड हॉवर्ड ह्याने १८१३ च्या सुमारास साखरेच्या कारखान्यांसाठी काढली होती. तिच्या साहाय्याने माल्टचा गोड रसही मधासारखा घट्ट आटविता येऊ लागला. हा माल्टचा पाक औषधी व पौष्टिक म्हणून आणि पावासाठी विकला जाई. १७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत दारूबंदी अमलात आली. तेव्हा बंद पडू पाहणाऱ्या अनेक बीअर-कारखान्यांनी हाच पाक डब्यांत भरून बाजारात आणला. पाव-बिस्किटांसाठी म्हणून तो विकला जाई; घेणारा घरी नेऊन त्याचे काय करतो हे विकणाऱ्यास पक्के ठाऊक असे. जव भरडणे, भिजविणे, गाळणे ही सारी यातायात कारखान्यातच उरकलेली असल्यामुळे घरी केवळ पातेलेभर पाणी तापवून डबा रिकामा केला की झाले. जे काम चाळीस गॅलनांच्या हंड्यावाचून अशक्य वाटे, ते आता स्वयंपाकाच्या चुलीवर होऊ लागले. ह्या बीअरची चव बेताचीच असे आणि बाटल्या कधीकधी फुटतही. परंतु ती घरची होती.

५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. घरी द्राक्षाची वाइन करण्यास मुभा मिळाली, पण बीअरला ती मिळाली नाही. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड मॉडलिंग ह्या अर्थमंत्र्याने १९६३ साली घरगुती बीअरवरील परवाना रद्द केला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर ह्यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याने १ फेब्रुवारी १९७९ पासून दोन प्रौढांच्या घरास वर्षाला दोनशे गॅलनांपर्यंत बीअर विनाकर करण्यास मोकळीक दिली. तथापि प्रत्येक राज्याचा कायदा निराळा असल्याने मिसिसिपी व अलाबामा ह्या शेवटच्या दोन राज्यांत ती २०१३ साली पोचली. दरम्यान १९७८ च्या डिसेंबरात कोलोराडोतील बोल्डर गावी हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना चार्ली पपेझियन व चार्ली मॅट्झेन ह्यांनी स्थापन केली, आणि पपेझियन ह्यांचे १९८४ चे पुस्तक घरोघर गेले.

ह्या नव्या हौशी मंडळींचा आरंभ चुलीवरच्या पातेल्यापासूनच होई. नित्याचा घाणा पाच अमेरिकन गॅलनांचा, म्हणजे सुमारे १९ लिटरांचा असे. परंतु स्वयंपाकघरात एवढे पातेले नसते आणि चुलीला एवढा जोरही नसतो. म्हणून दीड-दोन गॅलन पाण्यात सगळा माल्टचा पाक व हॉप घालून उकळावयाचे, आणि मग त्यात गार पाणी ओतून पाच गॅलन पुरे करावयाचे. ही अर्धी उकळी. तिचे गुण थोडे नाहीत. खर्च कमी, जागा थोडी, आणि गार पाणी ओतताच रस आपोआप निवतो.

तिचे दोष मात्र हळूहळू ध्यानात आले. पहिला दोष कडवटपणाचा. हॉपचा कडू अंश रसात विरघळण्यास मर्यादा असते. व्यवहारात ती लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम धरतात. तेव्हा पातेल्यात कितीही हॉप घातले तरी निम्मे पाणी मिसळताच कडवटपणा पन्नासावर येतो, आणि तिप्पट पाणी मिसळले तर पंचविसावर. दुसरा दोष रंगाचा. घट्ट पाक उकळताना तो काळपट होतो, हे गूळ करणाऱ्यास सांगावयास नको. उकळी जितकी घट्ट तितका रंग गडद, आणि चवीतही किंचित करपटपणा. पेयाचा वर्ण काळा हवा असेल तेव्हा हे चालून जाई. परंतु त्याच सुमारास अमेरिकेत ज्या जुन्या इंग्रजी बीअरचे पुनरुज्जीवन होऊ लागले, ती नेमकी फिकट वर्णाची आणि अतिशय कडू होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनच्या हॉजसनसारखे कारखानदार ही फिकट बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून हिंदुस्थानातील गोऱ्या लोकांसाठी पाठवीत असत, आणि म्हणून तिच्या नावात आजही 'इंडिया' हा शब्द आहे. फिकटपणा आणि कडवटपणा ह्या दोन्ही गोष्टी छोट्या पातेल्यातून एकदम मिळत नव्हत्या. म्हणून सगळाच रस एकदम उकळावयाचा, म्हणजे पूर्ण उकळी घ्यावयाची, हा विचार पुढे आला.

पूर्ण उकळीसाठी प्रथम भांडे हवे. शेवटी १९ लिटर हाती यावयाचे तर तासाभरात तीन-चार लिटर वाफेने जातात, काही अंश हॉपच्या चोथ्यात अडकतो; म्हणजे आरंभी २४ लिटर घ्यावे लागतात. त्यांना उतू जाण्यापासून वाचवावयाचे तर भांडे तीस लिटरांचे हवे. कॉबेटचा छत्तिसास चाळिसाचा हिशेब तो हाच. फक्त भांडे लहान असल्याने वाफेचा वाटा प्रमाणाने अधिक पडतो. काहींनी पोलादी हंडे विकत घेतले. काहींनी साडेपंधरा गॅलनांच्या निष्कलंक पोलादाच्या जुन्या पिंपाचे तोंड कापून त्याचाच हंडा केला. इंग्लंडमध्ये कपडे उकळण्याच्या विजेच्या बंबाचा ह्या कामी उपयोग होई. तेथील जुन्या घरांत धुणे आणि बीअर ह्या दोहोंसाठी एकच तांब्याचा हंडा चुलाणावर बसविलेला असे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या बंबात फारसे नवल वाटत नाही.

दुसरा प्रश्न विस्तवाचा. २४ लिटर रस २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ८,००० किलोज्यूल उष्णता लागते. स्वयंपाकाच्या शेगडीतून प्रत्यक्ष भांड्यास दीड किलोवॉट उष्णता मिळते असे धरले, तर नुसते आधण येण्यासच दीड तास लागेल. म्हणून अमेरिकेच्या दक्षिण भागात मासे-शेवंडे उकळण्यासाठी वापरीत तशी प्रोपेन वायूची मोठी शेगडी अंगणात आणली गेली. ती घरात पेटविणे धोक्याचे असते, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा ठरू शकतो. अशा रीतीने केवळ आगीच्या आकारामुळे ही कृती स्वयंपाकघरातून बाहेर आली. मध्ययुगात जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती होय.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न निवविण्याचा. भांड्याचा आकार चौपट केला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम अडीचपट होतो. म्हणून छोटे पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास लवकर निवते, पण मोठा हंडा तासन् तास गरम राहतो. आणि कोमट गोड रस हे नको त्या जंतूंचे आवडते वसतिस्थान. ओतावयाचे गार पाणीही आता नाही. आगीने घातलेले ८,००० किलोज्यूल पाण्याने काढून घ्यावयाचे आहेत! जुने कारखानदार रस उथळ, पसरट हौदांत ओतून वाऱ्यावर निववीत. बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर ह्या उन्हाळी काळात बीअर करण्यास बंदीच घालण्यात आली होती. हौशी मंडळींनी तांब्याच्या नळीचे वेटोळे करून ते उकळत्या रसात सोडले आणि नळीतून नळाचे गार पाणी खेळविले. अर्ध्या तासात रस निवू लागला. उकळीने रसातील हवा निघून गेलेली असते व यीस्टला आरंभी ती हवी असते. पूर्वी ओतलेल्या गार पाण्याबरोबर ती आपोआप येई. आता रस उंचावरून ओतून किंवा ढवळून ती मुद्दाम मिसळावी लागली. पंचवीस किलोंचा उकळता हंडा उचलणे म्हणजे भाजण्यास आमंत्रण; म्हणून तळाशी तोटी बसविण्यात आली. अशा एकामागून एक अडचणी सोडवीत जाताना हौशी माणूस नकळत लहानसा कारखानदारच बनला.

काही जण तर खरोखरच बनले. जॅक मॅकॉलिफ ह्यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे 'न्यू अॅल्बियन' हा छोटा कारखाना काढला. त्यांची भांडी म्हणजे सरबताच्या पाकाचे जुने पंचावन्न गॅलनी पिंप होते. १९८२ पर्यंतच तो टिकला, कारण एवढ्या थोड्या मालावर खर्च भागेना. त्याच राज्यातील चिको गावी घरगुती बीअरच्या सामानाचे दुकान चालविणारे केन ग्रॉसमन ह्यांनी पॉल कॅम्युसी ह्यांच्यासह दूधडेअरीची जुनी भांडी जमवून 'सिएरा नेव्हाडा' उभारले. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांनी पहिला घाणा टाकला. हा कारखाना मात्र वाढला आणि त्याची फिकट कडू बीअर पुढे देशभर गेली. एकाच रस्त्याचे हे दोन शेवट आहेत. मोठे भांडे बळ देते, पण त्याचबरोबर खर्चही वाढविते आणि तो भागविण्यापुरती विक्री मागते. ज्या बळावर लंडनच्या कारखानदारांनी शेजारणीचे एल बाजारातून हटविले, त्याच बळाचा हिशेब चुकल्यास मनुष्य स्वतःच बुडतो.

पूर्ण उकळी हीच एकमेव वाट आहे असेही नाही. माल्टच्या पाकाचा थोडा भाग आरंभी व उरलेला उकळी संपता संपता घातला, तर छोट्या पातेल्यातही रंग फिकट राहतो. घरच्या माणसांपुरती चार बाटल्या बीअर करणारास ही युक्ती पुरेशी आहे. हंडा आणावा की नाही हे शेवटी कामाच्या हेतूवर आणि जागेच्या सोयीवर अवलंबून असते. आपल्याकडे तर हा प्रश्न निराळ्याच कारणाने मिटलेला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मादक पेय तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग भांडे लहान असो वा मोठे.

तरीही ह्या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. घरात होणारी कोणतीही कला, मग ती पापडाची असो, मसाल्याची असो की विणकामाची, एका ठरावीक मापापर्यंत घराची राहते. त्या मापापलीकडे भांडे, विस्तव आणि वेळ ह्यांचा हिशेब बदलतो, आणि जो तो हिशेब पेलू शकतो त्याच्याकडे कला जाते. इंग्लंडमधील एल करणाऱ्या बायकांचे कौशल्य कमी पडले नव्हते. कमी पडली होती ती तांब्याच्या हंड्याची किंमत. विसाव्या शतकातील हौशी माणसाला तो हंडा परवडला, त्याला लागणारे ज्ञान पुस्तकांतून मिळाले, आणि कायद्याने त्याला मोकळीक दिली. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच कारखान्यात गेलेली विद्या त्याच्या अंगणात परत येऊ शकली.